बोअरची जागा

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या आदल्या साली गुरम्मा तगरवाडीची सरपंच झाली. वय सत्तावीस, शिक्षण सातवी. बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर बायांना प्यायला पाणी मिळेना, तेव्हा साठ बाया घेऊन ती निलंग्याला तहसीलवर चालत गेली होती. पाण्याची गाडी घेऊनच परतली. त्या साठांत पहिली उठली होती ती खालच्या वस्तीतली सिंधु.

सासरे सिद्रामप्पांनी तिला उभं केलं ते सहीपुरतं. पण मेंबरांत बरोबरी झाली आणि सगळं वस्तीच्या दोन मेंबरांवर अडलं. सिंधु त्या दोघांच्या दारात ठाण मांडून बसली. गुरम्मानं वस्तीला शब्द दिला, "पहिला बोअर तुमच्याकडं."

दुसऱ्याच उन्हाळ्यात आड आटले. नव्या जिल्ह्यातून एक बोअर मंजूर झाला. सिद्रामप्पा म्हणाले, "सूनबाई, बोअर आपल्या वरच्या आळीत, महादेवाच्या देवळापाशी घ्या. आळीनं पाठ फिरवली तर पुढच्या बारीला तुम्हाला कोण विचारतंय?"

दोन दिवस देवळाच्या जागेचा ठराव तिनं तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी सही केली. हात धरून कुणी ती करवून घेतली नव्हती.

सिंधु आली. "हे कसं झालं गं?"

"साहेबांनी जागा ठरवली. खाली पाणी न्हाई म्हणले."

इतक्या सहज खोटं निघालं की गुरम्माच चपापली. सिंधुनं मात्र ते खरं मानलं. वस्तीतल्या बाया चिडल्या, तर हीच घरोघर सांगत फिरली, "गुरम्मा काय करंल? साहेबाचं काम हाय ते."

देवळापाशी हातपंप बसला, पण वस्तीच्या बायांना दांड्याला हात लावू देईनात. वरच्या आळीतली कुणी पाणी वाढील तेव्हा घागर भरायची. गुरम्मा एकदोनदा बोलली, मग बोलायची थांबली. सिंधुला ते वाट बघणं सोसेना. ती जुन्या बारवेत उतरून गढूळ पाणी आणू लागली. मे महिन्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ते नीट जुळलं नाही.

पुढच्या निवडणुकीला सिंधु बैलगाडीतून मतदानाला आली. वस्तीचे दोन्ही मेंबर पुन्हा तिनंच वळवले. गुरम्मा पुन्हा सरपंच झाली. अंगावरचा गुलालही न झटकता ती वस्तीत गेली, सिंधुच्या बाजेशी बसली आणि सगळं सांगून टाकलं.

सिंधु कोपरावर जोर देऊन उठून बसली.

"आता कशाला सांगायलीस?"

"मनाला लई टोचतंय, सिंधु."

"तुझ्या मनाचं तू बघशील. मी बायांना काय सांगू? इतकी वर्सं तुझं खोटं मी माझ्या तोंडानं सांगितलं."

सिंधुनं भिंतीकडं तोंड केलं.

पुढल्या उन्हाळ्यात गुरम्मानं लातूरला खेटे घालून वस्तीत बोअर पाडून घेतला. पाणी साठ फुटांवरच लागलं. बायांनी पंपाला नारळ फोडला, पण सरपंचाला बोलावणं आलं नाही. ती पंचायतीच्या पायरीवर उभी राहून खालचा गलका ऐकत होती. शिपायानं विचारलं, "जायचं का, बाई?"

"न्हाई," ती म्हणाली आणि आत जाऊन खुर्चीत बसली.