हालिनामावशींचं दार

दार आजही नुसतं लोटलेलं होतं. बोटानं ढकललं आणि उघडलं.

आत माझी लेक जाई गालिच्यावर ठोकळे रचत बसली होती, पाठीला मधमाशीचे पंख. हॅलोवीनचा शनिवार होता. मावशी स्वयंपाकघरात पाठमोऱ्या. मी चार पावलं आत जाऊन जाईच्या डोक्यावर हात ठेवला, तरी त्या वळल्या नाहीत.

"मावशी, मी आत आले."

"ऐकलं. तुझे बूट ऐकले."

"माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर?"

"तर दुसऱ्याचे बूट ऐकले असते," त्या म्हणाल्या आणि तव्यावरचं बटाट्याचं धिरडं उलटलं.

हालिनामावशी आमच्याच इमारतीत, आठव्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मूळच्या बेलारूसच्या, बारानाविची नावाच्या गावच्या. पाच वर्षांपूर्वी भाचीनं कॅनडात आणलं. मग भाची व्हँकुव्हरला गेली आणि मावशी इथे स्कारबरोतच राहिल्या. मी बँकेच्या कॉल सेंटरला जायचे तेव्हा जाई त्यांच्याकडे असे. आम्ही दोघी इंग्रजीत बोलायचो, माझं घाईचं, त्यांचं मोजून मापून. 'मावशी' म्हणायला जाईला मीच शिकवलं होतं. तिला ते त्यांचं नावच वाटे.

सगळं चांगलं होतं, एक दार सोडून. त्या कडी लावत नसत. दिवसा नाही, रात्रीही नाही. सप्टेंबरात कुणीतरी माणूस नवव्या मजल्यावरच्या दारांच्या मुठी फिरवून बघत गेला, खाली लॉबीत नोटीस लागली, तरीही नाही. मी सांगून दमले. माझा नवरा जयदीप त्या वर्षी कॅल्गरीला काँट्रॅक्टवर होता. त्याला फोनवर सांगितलं तर हसला.

"अगं, तुमच्या कुडाळला दिवसभर दारं उघडीच असतात की."

"कुडाळला समोरच्या ओटीवर कुणीतरी बसलेलं असतं. इथे समोर लिफ्ट आहे."

"मग जाईला दुसरीकडे ठेव. रोज मला घाबरवू नकोस."

मार्कम रोडवरच्या डेकेअरमध्ये जागा झाली होती. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मी त्या शनिवारी ठरवूनच आले होते: आज शेवटचं सांगायचं, कडी लावणार की नाही.

पण टेबल मांडलेलं होतं. जव शिजवून मध घातलेल्या खिरीसारख्या पदार्थाची एक वाटी, बीट, खारवलेला मासा, धिरडी. खिडकी वीतभर उघडी, गार वारा आत येत होता.

"बस," मावशी म्हणाल्या. "आज आमच्याकडे ज्याडी. आज्या-पणज्यांचा दिवस. ते येतात, जेवतात, जातात. एकटीनं करायचं नसतं."

पितृपक्षच की हा, माझ्या मनात आलं, आणि दाराचं बोलणं गिळून मी बसले. बाहेर कॉरिडॉरमध्ये भुतं झालेली मुलं ओरडत पळत होती. मावशींनी चॉकलेटचा वाडगा आधीच बाहेर स्टुलावर ठेवला होता, म्हणून आमच्याकडे कुणी टकटक करत नव्हतं.

टेबलाच्या टोकाला एक रिकामी ताटली होती. मावशींनी प्रत्येक पदार्थाचा पहिला चमचा त्या ताटलीत वाढला आणि नावं घेतली. वडील इग्नात. आई. लहानपणी गेलेला भाऊ आलेस.

"हू इज ईटिंग दॅट?" जाईनं विचारलं.

"माझे लोक," मावशी म्हणाल्या. "तुझ्यातलं नाही खाणार. घाबरू नको."

मग त्यांनी चमचा माझ्या हातात दिला. "तूही तुझ्यांना वाढ. जागा आहे."

मी बाबांना वाढलं. दोन वर्षं झाली होती त्यांना जाऊन, आणि इथे आल्यापासून त्यांच्या नावानं मी काहीच केलं नव्हतं. मध घातलेले जव त्यांना आवडले असते. डोळे भरून आले. त्या भरात माझी नजर शेल्फावरच्या फोटोकडे गेली: उंच, किंचित वाकून उभा असलेला माणूस, बाहीला शाईचे डाग. मावशींचा नवरा. त्याच्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या होत्या, 'मिकोला नाहीये.' त्यांच्याकडून राहून गेलं असेल, असं वाटून मी आणखी एक चमचा भरला.

"आणि हे मिकोलांसाठी," मी म्हणाले आणि ताटलीत वाढलं.

मावशींचा हात हवेतच थांबला. बाहेरचा मुलांचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

"सॉरी, मी... मला वाटलं..."

"नाही. तुला कसं कळणार." त्यांनी दुसरा चमचा घेतला आणि मी वाढलेले तेवढेच जव ताटलीतून अलगद उचलले, एक दाणा इकडचा तिकडे होऊ न देता. कपाटातून स्वच्छ ताट काढलं. जव त्यात ठेवले, शेजारी दोन धिरडी, माशाचा मधला तुकडा. वरून दुसरं ताट पालथं घातलं आणि ते ओव्हनमध्ये ठेवलं.

मी बघत राहिले. उशिरा येणाऱ्या माणसाचं ताट आमच्याकडेही असंच झाकतात.

"दहा वर्षं झाली," त्या बसत म्हणाल्या. "तो छापखान्यात होता. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षांची मुदत संपली आणि ते खुर्चीवरून उठले नाहीत. मिकोलानं त्याबद्दल पत्रकं छापली. लिहिणारे दुसरे, छापणारा हा. सप्टेंबरात, गुरुवारी, जेवायला बसणार तेवढ्यात खाली हाक आली. म्हणाला, झाकून ठेव, अर्ध्या तासात येतो. शेजारणीनं खिडकीतून पाहिलं, दोन माणसं होती, एक मोटार. बस."

"मग पोलीस?"

"दर तीन महिन्यांनी पत्र येतं. तपासाची मुदत तीन महिने वाढवली आहे. चाळीस पत्रं आहेत माझ्याकडे. मेला, असं एकातही नाही."

जाई धिरड्याला मध्यभागी भोक पाडून त्यातून माझ्याकडे बघत होती. मी तिला दटावलं नाही.

"आज सकाळी त्याच्या आईचा फोन होता," मावशी म्हणाल्या. "चौऱ्याऐंशीची आहे. म्हणाली, हालिना, यंदा मी त्याचं नाव घेतलं. माझ्यानंतर त्याला वाढणारं कोण? आईला हक्क आहे, तिनं घ्यावं. मला नाही घेता आलं. आणि मग तू घेतलंस."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "पण ते आले तरी इथला पत्ता त्यांना..."

"तिथल्या घरात आता दुसरे लोक राहतात. त्यांच्याकडे चिठ्ठी आहे. मजला, दाराचा नंबर, सगळं." त्यांनी दाराकडे मान वळवली. तिथे खिळ्याला एक जुनी किल्ली होती. रोज दिसायची, मी कधी विचारलं नव्हतं. "त्याची. अर्ध्या तासासाठी कोण किल्ली नेतं? मेलेले खिडकीतून येतात. तो दारातून येईल, आणि त्याच्याकडे किल्ली नाही."

मी सोमवारचं, डेकेअरचं काहीच बोलले नाही. जाईला उचललं आणि निघाले. घरी येऊन दोन्ही कड्या आणि साखळी लावली, आणि बराच वेळ त्या साखळीकडे बघत उभी राहिले.

सोमवारी सकाळी पावणेआठला जाईला घेऊन गेले आणि नेहमीसारखं त्यांचं दार बोटानं ढकललं. ते हललं नाही. वाटलं, अडकलं असेल. पुन्हा ढकललं. मग टकटक केलं.

आतून पावलं धावत आली. गुडघेदुखीनं लिफ्टपर्यंतही भिंत धरून चालणाऱ्या मावशींना मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. कडी खाडकन निघाली, दार सताड उघडलं. केस अर्धे विंचरलेले, कंगवा हातातच. त्यांनी पाहिलं ते माझ्या चेहऱ्याकडे नाही, त्याच्या वीतभर वर, उंच माणसाकडे पाहावं तसं. मग नजर खाली आली.

"तू," त्या म्हणाल्या. "ये."

"मावशी, दार... माझ्यामुळे नको. मी काहीतरी दुसरं बघते."

त्यांनी जाईचे हातमोजे काढून रेडिएटरवर वाळत ठेवले, एकाशेजारी एक. "मूल इथे आहे," त्या म्हणाल्या. "ते मला नक्की माहीत आहे."

संध्याकाळी न्यायला गेले तेव्हाही तेच. टकटक, धावती पावलं, आणि माझ्या डोक्याच्या वर लागलेली ती नजर. मंगळवारीही.

बुधवारपासून मी लिफ्टमधून बाहेर पडल्यापडल्याच मोठ्यानं बोलायला लागते. "मावशी, मी आहे. जाईची आई."

"व्हाय आर यू शाउटिंग, आई?" जाई विचारते.

मी दारापाशी पोचेपर्यंत तेच पुन्हा म्हणते, आणि मगच टकटक करते. आतून सपाता ओढत सावकाश पावलं येतात.