पेटी कोमट होईस्तोवर

लॉर्नने ट्रकमधून गिटारची पेटी आणली आणि बर्फाच्या रिंकमागच्या खोलीत हीटरशेजारी ठेवली. बाहेर उणे तीस. मी बूट काढून पाय शेकत बसलो होतो. जत्रेचं स्टेज बर्फावरच फळ्या टाकून उभारलेलं, त्यावर ड्रम वाजवायचे म्हणजे पाय आधी तापवून घ्यावे लागतात.

आमच्या थंडर बे गावात शेंबड्या पोरालाही कळतं, गारठलेली गिटार आणल्या आणल्या उघडायची नाही. पेटी बंदच ठेवायची, आपोआप कोमट होऊ द्यायची. नाहीतर गरम हवा लागून पॉलिश तडकतं. आम्हाला हे शिकवलं कोणी? या लॉर्न हलोनेननेच. कुठल्याही गावी व्हॅनमधून उतरलो की हा पेटीवर बूड टेकून बसायचा, कोणी खटक्याला हात लावू नये म्हणून. आमच्या बँडचा गायक डीन म्हणायचा, "बसली कोंबडी अंड्यावर."

आता त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. ऑपरेशन झालं, उपयोग शून्य. दोन वर्षं त्याच्या जागी केटलिन वाजवते. चांगली वाजवते, खोटं कशाला बोलू. पण घरच्या गावात, हिवाळी जत्रेत, आमचं ते एक गाजलेलं गाणं तरी लॉर्ननेच वाजवावं म्हणून मी डीनचं डोकं खाल्लं. त्या गाण्याची सुरुवात लॉर्नची. ती रेडिओवर लागली की इथले ट्रकवाले अजून स्टिअरिंगवर ताल धरतात. शेवटी डीन म्हणाला, "बरं बाबा, एक गाणं. चुकला तर केटलिन सांभाळून घेईल." लॉर्नला फोन केला तर तो नुसता "हं" म्हणाला.

आणि आज हा वाकला आणि पेटीचे खटके उघडायला लागला.

"ए म्हाताऱ्या, डोकं फिरलं का? आत्ता आणलीस ना ती?"

"हो."

"मग बस की तिच्यावर."

त्याने झाकण उचललं. आधी काहीच झालं नाही. मग बारीक टकटक ऐकू आली आणि पॉलिशवर चिरा पसरत गेल्या. दारात उभ्या केटलिनने तोंडावर हात ठेवला. लॉर्न मात्र बघत होता, दुसऱ्याच्या घरची बशी फुटताना बघावी तसा.

"आता तूच वाजव," तो तिला म्हणाला.

"माझी दुसरी गिटार आहे ना. ती घे."

"नको गं. घरी रोज गिटार घेऊन बसतो मी. सुरुवातच येत नाही."

चिरा पडल्या तरी गिटार वाजते, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. माझं डोकं सणकलं. "तुझ्यासाठी मी डीनशी भांडलो आणि तू..."

"मी सांगितलं होतं का तुला?"

नव्हतं सांगितलं. ते फार लागलं मला.

केटलिनने सुरुवात वाजवली आणि लोक बाकांवर चढले. एक तरी माणूस लॉर्नचं नाव घेईल असं मला वाटत होतं. कोणी घेतलं नाही. तो बाजूला रिंकच्या काचेपाशी उभा होता, हात खिशात, आणि सगळ्यांबरोबर गाणं म्हणत होता. मी इतक्या जोरात वाजवलं की काठी मोडली.

कार्यक्रम उरकून मागे आलो तर हा बंद पेटीवर बसलेला.

"छान वाजवलं पोरीने," तो म्हणाला.

"आणि तुला काय वाटलं?"

"काहीच नाही रे, वर्न. मला वाटलं होतं, पेटी उघडल्यावर तरी जीव तुटेल. तोही तुटला नाही."

मी बूट काढले आणि त्याच्या शेजारी टेकलो. दोघांना पुरेल इतकी ती पेटी नव्हती. माझेच डोळे भरून आले, त्याचे कोरडे. बाहेर लोक पाय आपटत होते, तेच गाणं पुन्हा हवं होतं.

"जा," लॉर्न म्हणाला, "तुम्हाला बोलावतायत."

मी बूट घातले आणि गेलो.