खिडकीतली बशी

बाबांना सुईची भीती. इन्सुलिनचं पेन हातात घेतलं की रोजचं पालुपद ठरलेलं, "अगं, आत्ताच तर दिलीस!" वर चेहरा इतका साळसूद, की मी दोनदा फसले आणि त्यांची साखर भलतीच चढली. मग मी खिडकीत एक बशी ठेवली. सकाळी इंजेक्शन झालं की वापरलेली सुई टोपण लावून बशीत टाकायची, रात्री बशी रिकामी करायची. बशीत सुई नसेल, तर बाबा काहीही म्हणोत, इंजेक्शन द्यायचंच. तीन वर्षं घर त्या बशीच्या भरवशावर चाललं होतं.

रविवारी ताई आली. "तोंड बघ तुझं, नुसता चोथा झालाय. दोन दिवस मी बघते बाबांचं. तू झोप."

हे कुणीतरी म्हणावं म्हणून मी तीन वर्षं थांबले होते. मला रडूच कोसळलं. पेन कसं धरायचं, किती युनिट द्यायची, सगळं तिला दाखवलं. बशीचं तेवढं सांगायचं राहिलं.

सोमवारी साडेआठला जाग आली. घर लखलखत होतं. ताई भाजी आणायला गेलेली. बशी रिकामी.

झालं! घर चकाचक करायची हौस दांडगी, पण मुख्य काम विसरली. चीड आली. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, माझ्यावाचून अडतं म्हणून.

"अगं, ताईनं दिलं की मघाशी," बाबा म्हणाले. "खाणंही झालं माझं."

"आजही तीच नाटकं? सदरा वर करा."

"खरंच दिलं गं."

"बाबा, माझं डोकं फिरवू नका!"

त्यांनी मुकाट्याने सदरा वर केला.

तासाभराने ताई आली. "अगं, बाबा असे घामाघूम का झालेत?"

बाबांचे हात कापत होते. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

"ताई, सकाळी तू इंजेक्शन दिलंस?"

"सातलाच. सुई टाकून दिली, बशीही घासली. अशी उघड्यावर काय ठेवतेस गं?"

ताईने अँब्युलन्सला फोन लावला. मी साखरेचं पाणी चमच्याने बाबांच्या ओठांशी नेलं. निम्मं हनुवटीवरून ओघळलं.

"गिळा ना, बाबा. ऐकताय ना माझं?"

त्यांनी कसेबसे डोळे उघडले. माझ्या हाताकडे पाहिलं, आणि थरथरत्या बोटांनी सदरा वर केला.