क्षमता चाळीस

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. खडू पाहून मला शाळेतला समजू नका. मी तुरुंगातला आहे. बायकांच्या बराकीच्या गजांच्या दाराशेजारी मी बावीस वर्षे टांगलेला आहे. मी जे सांगणार आहे ते काहींना झोंबेल. झोंबू द्या.

माझा जन्म याच तुरुंगाच्या सुतारखात्यात झाला. मला घडवणाऱ्या कैद्याला सगळे सुतारमामा म्हणत. मोडक्या दाराच्या फळीला रंधा मारून त्याने मला गुळगुळीत केले आणि काळा रंग दिला. बराक तेव्हा नुकतीच बांधून झाली होती. मामाने आत जाऊन झोपायचे ओटे मोजले. चाळीस. संडास चार, नळ दोन.

"चाळीस म्हणजे चाळीस," तो म्हणाला. "एकेचाळिसावी काय आढ्याला टांगायची?"

मग त्याने पांढऱ्या रंगात ठसठशीत लिहिले, 'बराक तीन. क्षमता ४०'. खाली दोन ओळी मोकळ्या ठेवल्या. एकीत आजच्या कैदी, दुसरीत हजर पहारेकरी.

सुरुवातीची वर्षे मानाची गेली. रोज सकाळी गिनती झाली की हवालदारबाई ओल्या फडक्याने मला पुसत आणि खडूने आकडे लिहीत. अडतीस कैदी, चार पहारेकरी. येणारा प्रत्येक अधिकारी आधी माझ्याकडे पाहत असे. "अक्षर छान आहे हो," असेही कुणीतरी म्हणे. मी मनातल्या मनात फुगत असे.

पुढे आकडा वाढू लागला. अठ्ठावन्न झाला, नव्वद झाला. बहुतेक जणींचे खटले अजून उभेच राहिले नव्हते. तारखेवर तारीख पडत होती आणि आत येणारीला परत पाठवायची सोय नव्हती. एका ओट्यावर दोघी झोपू लागल्या, उरलेल्या जमिनीवर. पहारेकरी मात्र चाराच्या तीन झाल्या, तिनाच्या दोन. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्याच नाहीत. माझ्याकडे कुणी पाहीना. माझ्या कोपऱ्यावर ओला टॉवेल वाळत पडे. पण एका हवालदारबाईंनी गिनती लिहिणे कधी सोडले नाही. कैदी त्यांना मोठ्या बाई म्हणत. बोलायला तिखट, पण लबाडी अंगाला लावून न घेणाऱ्या.

त्या दिवशी माझ्यावर लिहिले होते: कैदी ११२, पहारेकरी १.

दुपारी नळाला पाणी आले. दोन दिवसांनी आले होते, त्यामुळे झुंबड उडाली. बादल्या आदळल्या, कुणीतरी ढकलले आणि एक म्हाताऱ्या आजी पायांखाली गेल्या. आरडाओरड ऐकून मोठ्या बाई दाराशी धावल्या. नियम असा, की एकट्या पहारेकरणीने बराक उघडायची नाही. नियम चांगला आहे, त्यांच्याच जिवासाठी आहे. त्यांनी शिट्टी वाजवली. कुणी आले नाही. सोबतची पहारेकरीण सकाळीच एका कैदी बाईला घेऊन कोर्टात गेली होती, शेजारच्या बराकीची फाटकावर अडकली होती.

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि किल्ली काढली.

"सगळ्या भिंतीला टेका!" त्या ओरडल्या. "मी आत येतेय. एकटी येतेय!"

आतून शिवणकाम करणारी एक उंच कैदी गरजली, "ऐकलं ना? मागे सरा! बाईंना धक्का लागला तर गाठ माझ्याशी आहे!"

एकशे अकरा बायका भिंतीला चिकटल्या. उघड्या दाराकडे एकीनेही पाऊल टाकले नाही. बाईंनी आणि शिवणवालीने आजींना चादरीवर घालून बाहेर आणले. आजी वाचल्या, पण कंबरेचे हाड मोडले ते मोडलेच.

बक्षीस म्हणून मोठ्या बाईंना नोटीस मिळाली. नियम का मोडला, याचे कारण द्या. त्यांनी एका ओळीत उत्तर लिहिले, 'कारण बराकीच्या फळ्यावर लिहिलेले आहे.'

चौकशी समिती येणार असे कळताच तुरुंगाचे मोठे साहेब रंगाऱ्याला घेऊन आले. माझ्यावरचा चाळीस खोडून एकशे वीस करायला सांगितले.

"साहेब, आधी ऐंशी ओटे बांधा, मग रंगवा," मोठ्या बाई आडव्या उभ्या राहिल्या.

"बाई, मी काय करू?" साहेब कळवळून म्हणाले. "माणसं द्या म्हणून चार पत्रं लिहिली वर. उत्तर नाही. उद्या समिती विचारेल तेव्हा मान माझीच जाणार."

"मग पाचवं पत्र या आकड्यासकट पाठवा. तो कशाला पुसता?"

साहेबांनी मान फिरवली. रंगाऱ्याचा कुंचला माझ्यावरून फिरला. मित्रांनो, मी लाकूड आहे, तरी तो रंग मला आगीसारखा लागला.

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्षबाईंनी मला वाचले, "क्षमता एकशे वीस, कैदी एकशे अकरा. म्हणजे जागा आहे की!"

तेवढ्यात आत शिवणवालीने टाळी वाजवली. प्रत्येक ओट्यावर एकेक बाई जाऊन बसली. बाकीच्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, खांद्याला खांदा लावून. कुणी घोषणा दिली नाही, कुणी रडले नाही.

"या अशा का उभ्या आहेत?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"आम्ही जास्तीच्या आहोत," शिवणवाली म्हणाली. "एकाहत्तर. मोजून घ्या."

अध्यक्षबाईंनी बोट दाखवत सगळे ओटे मोजले. मग माझ्यावर नखाने खरवडले. रंग अजून ओलाच होता. साहेबांनी खाली पाहिले आणि खिशातून आपल्या चार पत्रांच्या प्रती काढून त्यांच्या हातात दिल्या. मला वाटते, त्यांनाही तेव्हा हलके वाटले असावे.

सगळे काही गोड झाले नाही. मोठ्या बाईंची बदली झाली, नोटीस त्यांच्या फाइलीत तशीच आहे. पण समितीच्या अहवालामुळे थोडे बदलले; आज माझ्यावर लिहिले आहे: कैदी ६८, पहारेकरी ३. वरचा चाळीस पुन्हा रंगवलेला आहे, आणि अडुसष्ट म्हणजे चाळीस नव्हेत, हे मी रोज सकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडावर सांगतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या सही करणाऱ्या खुर्चीत बसेल. कुलपाआड माणसे ठेवायची असतील तर त्यांना अंग टेकायला जागा द्या आणि त्यांना सांभाळणारीला सोबत द्या. आणि आकडा टोचू लागला तर रंगाऱ्याला नका बोलावू, गवंड्याला बोलवा.