मृत्यू आधी, जन्म नंतर

घरात सगळे त्याला चित्रगुप्त म्हणत. निवृत्त झाल्यावर त्याने वंशावळीचं सॉफ्टवेअर घेतलं आणि बघता बघता त्यात अकरा हजार माणसं नांदू लागली. "अकरा हजार नातेवाईक, पण दार उघडायला मलाच उठावं लागतं," असं त्याची बायको म्हणे, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

एवढा पसारा म्हटल्यावर गोंधळ आलाच. कुणा चुलतभावाची फाइल आत घेतली की तीच माणसं दोनदा येत. मग सॉफ्टवेअर विचारी: एकच नाव, तेच आईवडील, एक करू का? सुरुवातीला त्याने एकेक जोडी डोळ्यांत तेल घालून तपासली. पुढे कंटाळला, आणि परवा 'सगळ्या एक करा' दाबून मोकळा झाला. माणसं जमवायची हौस दांडगी, त्यांची विचारपूस करायला मात्र सवड नाही, असा हा गृहस्थ.

रविवारी आत्या आली. भावंडांतली थोरली, आणि आता एकटीच उरलेली. त्याने मोठ्या कौतुकाने तिला स्क्रीनसमोर बसवलं. तिच्या चौकटीवर लाल खूण होती: मृत्यू जन्माच्या आधी.

"जन्मायच्या आधीच गेले होय मी? बरीच दगदग वाचली म्हणायची," आत्या म्हणाली.

तो ओशाळला. "कुणाची तरी तारीख तुला चिकटली गं. पुसून टाकतो."

"थांब." आत्याने त्याचा हात धरला. "तारीख खरी आहे. माझ्या आधी एक मुलगी होती. दोन वर्षांची होऊन तापाने गेली. मग मी झाले, तेव्हा आईने तेच नाव मला ठेवलं. तुझ्या बापालाही हे ठाऊक नव्हतं. आईने मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी तिच्याबद्दल बोलली नाही. हाक तरी कशी मारणार, नाव तर मला देऊन टाकलेलं. आता मीच तेवढी जाणते. कुण्या भल्या माणसाने तिला टिपून ठेवलं होतं, आणि तू..."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने नवी चौकट काढली, आत्या सांगेल तसं भरलं. सॉफ्टवेअरने पुन्हा विचारलं, दोघी एकच का? या वेळी त्याने 'नाही' दाबलं. आजीआजोबांच्या खाली पहिली ती छोटी बसली आणि आत्याची चौकट एक घर मागे सरकली.

आत्या बघत राहिली. आजी, म्हणजे हिची आई, अंथरुणाला खिळली तेव्हा शाळा सुटली ती हिची. धाकट्यांची दुखणीखुपणी, लग्नकार्यं निस्तरली ती हिनेच. 'तू थोरली ना' म्हटलं की हिचं तोंड बंद व्हायचं.

"म्हणजे मी दुसरी," ती म्हणाली.

"हो, आत्या."

तिचे डोळे भरून आले. तिने छोटीच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"ताई," ती म्हणाली, "तू असतीस तर मी शिकले असते गं."