आठ इंच

“अजून थोडा वर घ्या, मिस हेग,” मिसेस बार्कर म्हणाल्या.

तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे सेलिना हेगने नुसती मान हलवली. गुडघ्यांवर बसल्या बसल्या तिने मोजपट्टी जमिनीला टेकवली, झग्यावरची खडूची खूण पुसली आणि दोन इंच वर नवी केली.

“अजून.”

“घोटा दिसेल, बाईसाहेब,” सेलिना टाचण्यांच्या फटीतून म्हणाली.

“दिसू दे! ट्रामवर तिकिटं फाडणाऱ्या पोरींच्या पोटऱ्या दिसतात, त्यांना कोणी फाशी दिलंय का? माझा घोडा सैन्याने नेला, गाडीवानही नेला. आता बाजाराचा चिखल मलाच तुडवायचाय. घ्या वर.”

सेलिनाने वर घेतला. बाजूच्या यंत्रावर शिवणारी एडा खाली मान घालून हसली.

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या चढावरच्या मिसेस लम यांच्या दुकानात सेलिना बावीस वर्षं हेच एक काम करत होती. गिऱ्हाईक ठेंगण्या स्टुलावर उभं राहायचं आणि तिने गुडघ्यांवर सरकत त्याच्याभोवती फिरून झग्याची खालची कड सारखी करायची. एक केसभर इकडे नाही, एक केसभर तिकडे नाही. गावातल्या बायका तिला चेहऱ्यापेक्षा झग्यांवरून जास्त ठाऊक होत्या. पाच-पाच वार कापडाचे घेर, आत रेशमी झालर, आणि अगदी तळाला दाट लवेची पट्टी. रस्त्याचा दगड झिजवायचा तो त्या पट्टीला, कापडाला नव्हे. दर सहा महिन्यांनी पट्टी उसवायची, नवी लावायची. बाई जिन्यावरून उतरू लागली की झग्यातून सळसळ निघायची, आणि पडद्याआड बसलेली सेलिना नुसत्या आवाजावरून सांगायची, “डॉक्टरांच्या मिसेस आल्या.” तिचा अंदाज चुकला तर एडाला एक साखरेची गोळी द्यायची, असं ठरलेलं होतं. एडाला वर्षाकाठी दोनेक गोळ्या मिळत.

लढाई सुरू होऊन दोन वर्षं होत आली, आणि ती सळसळ गेली. झगे आधी जमिनीवरून उठले, मग घोट्याच्या वर चढले. एकोणीसशे सोळा सालच्या वसंतात तर जमिनीपासून आठ इंच म्हणजे काही विशेष नाही असं झालं. लवेच्या पट्टीची रिळं खणात तशीच पडून राहिली. सेलिना कधीमधी खण उघडायची, एखादं रीळ बोटांवर फिरवायची आणि परत ठेवायची.

सगळ्या दुकानात जमिनीला टेकणारा झगा आता एकटा तिचाच होता.

एका शनिवारी मिसेस लम यांनी तिला बाजूला घेतलं. “सेलिना, वाईट वाटून घेऊ नकोस. गिऱ्हाईक आत आलं की आधी तू दिसतेस. नवी तऱ्हा विकणारं दुकान आपलं, आणि आपलीच बाई झग्याने फरशी झाडत फिरते! सोमवारपासून आठ इंच. सगळ्यांना तोच नियम.”

“मला जमायचं नाही, मिसेस लम.”

“का जमायचं नाही?”

मिसेस लम तिच्याकडे पाहत राहिल्या. सेलिनाच्या पायात काहीतरी आहे हे त्यांना ठाऊक होतं. काय आहे, ते त्यांनी बावीस वर्षांत विचारलं नव्हतं. आत्ताही विचारलं नाही. “सोमवारपर्यंत बघ,” एवढंच म्हणाल्या.

सहाव्या वर्षी तापातून उठली तेव्हापासून सेलिनाचा डावा पाय तीन इंच आखूड होता. त्या पायात बुचाच्या जाड तळव्याचा काळा बूट, घोट्याशी लोखंडी पट्टी. लांब झग्याखाली हे काही दिसत नसे. ती पावलं मोजून, सावकाश टाकायची, म्हणून लोक म्हणायचे, काय डौलदार चालते! हा डौल तिने वयाच्या पंधराव्या वर्षी आरशासमोर बसवला होता.

रविवारी दुपारी चॅपलहून आल्यावर तिने राखाडी झगा टेबलावर पसरला. दुसऱ्या दुकानात जाता आलं असतं, पण तिथेही आठच इंच असणार. पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसून खायचं काय? तिने खुणा केल्या, कात्री घेतली. कड एक केसभरही इकडेतिकडे गेली नाही. ती सवय मोडणं शक्यच नव्हतं. घालून पाहायला मात्र ती आरशापुढे गेली नाही.

सोमवारी सकाळी रस्त्यावर गार वारा थेट पायांना लागला. लहानपणानंतर प्रथमच. इस्पितळासमोरच्या बाकावर निळ्या कपड्यांतले जखमी शिपाई ऊन खात बसले होते. एकाच्या विजारीचा एक पाय गुडघ्याशी दुमडून टाचलेला होता. त्याची नजर तिच्या बुटावर गेली. सेलिनाने पावलं उचलली.

“ओ बाई!” त्याने हाक मारली. “जरा थांबा की. हा बूट कोणी केलाय हो?”

ती थांबली. त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती.

“आमच्या सोबत्याला पाहिजे होता,” तो म्हणाला. “त्याचा एक पाय तोकडा झालाय. सरकारी बूट म्हणजे नुसता लाकडाचा ठोकळा. हा कसा बेतशीर आहे.”

“वुलशॉप्सच्या बोळातला म्हातारा फिअर्नली,” सेलिना म्हणाली. “त्याला बुचाचाच तळवा सांगा. लाकूड घालायला बघतो, ऐकायचं नाही.”

“झकास,” शिपाई म्हणाला. तेवढंच. पुढचा चढ ती दम खात, पण घाई न करता चढली. दुकानात एडाने पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिसेस लम यांनी डोळे वटारताच मिटलं.

गुरुवारी एक मुलगी आईच्या लग्नाचा झगा आखूड करायला घेऊन आली. “शनिवारी लग्न, सोमवारी त्याची आघाडीवर परत जायची गाडी,” ती धापा टाकत म्हणाली. “आईला कारखान्यातून सुट्टी मिळेना, म्हणून बाबांना आणलंय.”

बाबा दारातच टोपी हातात फिरवत उभे होते. केस पिकले होते, खांदे वाकले होते. सेलिनाने त्यांना ओळखलं. तो जेबेझ ग्रीनवुड होता.

तेवीस वर्षांपूर्वी हा आठ रविवार तिला चॅपलपासून फाटकापर्यंत सोडायला आला होता. गिरणीत लोकर निवडायचा, चॅपलमध्ये गायचा. नवव्या रविवारी त्याने विचारलं, चॅपलच्या सहलीला माझ्याबरोबर येशील का? ती म्हणाली, नाही, तुमच्याबरोबर नाही यायचं. कारण दिलं नाही. तो पुन्हा आला नाही.

“मिस हेग,” तो म्हणाला.

“मिस्टर ग्रीनवुड.” तिने टाचण्या तोंडात घेतल्या आणि मुलीपुढे गुडघे टेकले. झग्याची कड मुलीच्या आईने, मार्थाने, घरीच शिवलेली होती. टाके लांब लांब, घाईचे. सेलिनाने नीट आठ इंचांवर खुणा केल्या. मुलगी कपडे बदलायला पडद्याआड गेली, तेव्हा सेलिनाने टेबलाचा कोपरा धरला आणि उठून उभी राहिली. जेबेझ तिच्या बुटाकडे बघत होता.

“बऱ्याच दिवसांपासून आहे का हे?” त्याने हळूच विचारलं.

“सहा वर्षांची होते तेव्हापासून.”

“म्हणजे तेव्हाही होतं. तू सहलीला नाही म्हणालीस…”

“वाटेत ओढा होता. दगडांवरून जायचं म्हणजे झगा उचलावा लागला असता.”

“अगं, सांगायचंस तरी!” तो म्हणाला आणि एकाएकी हसला, पण डोळे हसले नाहीत. “मी काय समजलो माहितेय? वाटलं, माझ्या वासामुळे. दिवसभर लोकरीत हात, अंगाला मेंढीचा वास यायचाच. महिनाभर कार्बोलिक साबणाने कातडी सोलून काढली. आई म्हणायची, पोराला वेड लागलंय.” त्याने बाही नाकाशी नेली. “मार्था म्हणते, अजून जात नाही.”

सेलिनाला सांगायचं होतं की त्या आठही रविवारी ती वारा कुठे वाहतोय ते बघून, त्याचा वास आपल्याकडे येईल अशा बाजूने चालायची. ते शब्द ओठांवर आले. तेवढ्यात पडदा सरकला.

“बाबा, कशाला हसताय?”

“काही नाही गं. जुनं कायतरी.” त्याने टोपी डोक्यावर घातली. दाराशी जाऊन तो वळला. “चाल तुझी तशीच आहे,” तो म्हणाला, आणि लेकीमागोमाग पायऱ्या उतरून गेला.

सेलिनाने झगा टेबलावर पसरला, मोजपट्टी लावली.

“शी! काय मेंढ्यांचा वास सुटलाय,” एडा नाक दाबत म्हणाली. “खिडकी उघडू का?”

“नको,” सेलिना म्हणाली. “गारठा आहे.”

मे महिना होता, आणि बाहेर लख्ख ऊन पडलेलं होतं. एडाने पुन्हा यंत्र चालू केलं.