कण्हेरीचं निर्माल्य

देवावरची फुलं कचऱ्यात टाकायला मंगलाताईंचा हात कधी धजला नाही. राजापुरात निर्माल्य नदीत सोडायचं. इथे आखातात, मुलाकडे अरादला, नदी कुठली? मग त्यांनी इमारतीमागच्या वाडीतला रहिमतुल्ला गाठला. एका अरबाच्या शेळ्या तो राखायचा. आठवड्याची वाळलेली फुलंपानं पिशवीत भरून त्या त्याला नेऊन देत. "अम्मा, आपके भगवान का परशाद सबसे पहले यही खाते हैं," तो हसून म्हणे.

यंदा उन्हाळ्यात झेंडू मिळेना. रस्त्याकडेची कण्हेर तेवढी त्या उन्हातही हिरवीगार, गुलाबी फुलांनी भरलेली. मंगलाताईंनी फांद्याच मोडून आणल्या. कण्हेर विषारी, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. आजी पानांचं तेल करून खरजेला लावायची आणि दहादा हात धुवायला लावायची. कुंपणालाही कण्हेरच, गुरं हुंगून मागे फिरायची. त्या भरवशावर त्यांनी पिशवीतून कण्हेर वेगळी केली नाही. वाळलेल्या पाल्यात मिसळली की जनावर फसतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तीन शेळ्या मेल्या.

रहिमतुल्ला फाटकाशी उकिडवा बसला होता. "मालिक पूछता है, बाहर का कुछ खिलाया क्या? खिलाया होगा तो खलास, घर भेजेगा."

"आई, तू यात पडू नकोस," जयप्रकाशने, त्यांच्या मुलाने, बजावलं. "पोलीस आले तर माझ्या व्हिसाचं काय?"

"अरे, पाप माझं आणि भोगायचं त्याने?"

तो ऑफिसला गेल्यावर त्या तडक वाडीत गेल्या. मालक आला होता. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सगळं सांगितलं, कण्हेरीची फांदीही पुढे धरली. "गलती मेरी है. इसको मत निकालो."

मालकाने शांतपणे ऐकून घेतलं. मग तो रहिमतुल्लाकडे वळला. "कल तुमने कुरान की कसम खाई. बोला, घास के सिवा कुछ नहीं दिया."

रहिमतुल्लाने मान खाली घातली.

"माताजी, बकरियाँ मरीं तो मरीं," मालक म्हणाला, "झूठा आदमी मैं नहीं रखता." आणि तो गाडीत जाऊन बसला.

मंगलाताई रहिमतुल्लाकडे वळल्या. "कसम क्यों खाई रे?"

"आपका नाम आ जाता, अम्मा," रहिमतुल्ला म्हणाला, आणि आपलं गाठोडं बांधायला खोलीत गेला.